कुरडयांचा शनिवार

“प्रार्थनेची खोली कुठली, बाई?”

“आधी ही धर,” असं म्हणून सगुणाबाईंनी काखेतली तांबडी कोंबडी तबिताच्या हातात दिली.

तबिता उजागरेनं उभ्या आयुष्यात कोंबडी धरली नव्हती. खांद्याला पिशवी, अंगावर एसटीची धूळ आणि हातात हा फडफडणारा जीव घेऊन ती अंगणात तशीच उभी राहिली.

तिनं मनाशी वेगळंच चित्र रंगवलं होतं. पांढरं पातळ, पांढरे केस, खिडकीजवळची खुर्ची, मांडीवर झिजलेलं पवित्र शास्त्र. आणि घरात अशी शांतता, की चपलासुद्धा आवाज न करता काढाव्यात. स्कॉटलंडच्या धुक्यात धर्मशास्त्र शिकत असताना तिनं हे चित्र मैत्रिणींपुढे कितीदा उभं केलं होतं. आमच्या नगर जिल्ह्यात बेलगाव म्हणून एक गाव आहे, तिथं एक बाई राहतात, जन्मभर त्यांनी बायकांना शास्त्र शिकवलं, त्यांच्याकडे गेलेलं माणूस हलकं होऊन परत येतं...

पातळ पांढरंच होतं, पण पदर कमरेला खोचलेला होता. केसही पांढरे होते, पण त्यांत दोन पिसं अडकलेली होती. आणि शांततेचं म्हणाल तर बाईंचा आवाज मिशन कंपाउंडच्या फाटकापर्यंत येत होता. तबिता त्या आवाजाच्या मागावरच घर शोधत आली होती.

भांडण चाललं होतं मधल्या बुटक्या भिंतीवरून. पलीकडे मार्थाबाई राहायच्या, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्या कोंबड्यांनी बाईंचे कालचे सांडगे तुडवले होते, आणि जे तुडवले नव्हते ते खाल्ले होते. बाईंनी एक गुन्हेगार जागेवर पकडला होता.

मार्थाबाईंचं म्हणणं असं, की सांडगे खाटेवर वाळत घालावेत. जमिनीवर पसरून मुक्या जिवाला मोहात पाडू नये.

“अहो मार्थाबाई, मोहात पडायला ती कोंबडी आहे, हव्वा नाही,” बाई म्हणाल्या.

“मग तुम्ही तिला बागेतून हाकलायला देव लागून गेलात का?” पलीकडून उत्तर आलं, आणि भिंतीमागचं दार धाडकन लागलं.

बाईंनी एक सुस्कारा सोडला. मग पहिल्यांदाच पाहुणीकडे नीट पाहिलं.

“तू सायमनची बहीण ना, श्रीरामपूरची? ये. कोंबडी त्या डालग्याखाली ठेव. आणि हात धू, आपल्याला कुरडया करायच्यात.”

तबिता कुरडया करायला आली नव्हती. ती आशीर्वाद घ्यायला आली होती. सोमवारी ती घर सोडणार होती.

नगरला मिशनच्या वसतिगृहात तिनं एक खोली पाहून ठेवली होती. भिंती पांढऱ्या, खिडकीत कडुलिंब, शेजारी कुणी नाही. तिथं राहायचं, प्रार्थना करायची, बायकांसाठी काम उभं करायचं. भावाला हे सांगितलं तेव्हा तो नुसता ताटावरून उठून गेला होता. त्या उठण्यानं तिच्या मनात एक काटा राहिला होता. सगुणाबाईंनी डोक्यावर हात ठेवून “जा” म्हटलं, की तो निघणार होता.

पण गव्हाला आशीर्वादाची वाट पाहता येत नाही. तो भिजत घातलेला होता, रोज त्याचं पाणी बदललेलं होतं, वाटून गाळून चीक काढून ठेवलेला होता. आज तो शिजलाच पाहिजे, उद्या आंबेल. अंगणातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतं, त्यात मीठ पडलं, हिंग पडला. बाईंनी निम्मा चीक ओतला आणि लाकडी दांडा तबिताच्या हातात दिला.

एरवी हा दांडा मार्थाबाई धरायच्या, असं बोलण्यात आलं. बाईंच्या मनगटात आता तेवढा जोर उरला नव्हता. त्या सोऱ्या दाबायच्या, मार्थाबाई ढवळायच्या. कुरडया हे एका बाईचं कामच नव्हे.

“मग त्यांना बोलवा ना,” तबिता म्हणाली.

“आज आमचं बोलणं नाही.” बाईंनी हे अगदी सहज सांगितलं, आज बुधवार नाही म्हणावं तसं. “तू ढवळ. काय सांगायचं ते सांग, पण हात थांबवू नको.”

तबितानं सांगायला सुरुवात केली.

घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यातच तिनं पहाटेची शांत वेळ ठरवली होती. सहा ते सात. तेवढा एक तास घरात आवाज नको, एवढंच तिचं मागणं होतं. पण बरोबर सहाला वहिनी मिक्सर लावायची. शेंगदाण्याचं कूट, मग चटणी, मग आणखी काही. दोन पोरांचे डबे, सायमनचा डबा, साडेसहाला नळ, नळाखाली बादली, बादलीवर पत्र्याचं झाकण, आणि ते झाकण रोज एकदा तरी फरशीवर पडायचंच.

एकदा ती डोळे मिटून बसली असताना वहिनीनं दारातून डोकावून म्हटलं होतं, “ताई, तुमचं आमेन झालं की जरा लसूण सोला.”

सगुणाबाईंना खोकला आला. बराच वेळ आला.

“हसू नका, बाई.”

“नाही ग. धूर आहे. पुढं?”

पुढं तिनं वहिनीला समजावलं होतं. प्रेमानं. मोठ्या आवाजात एक शब्द नाही. मग एक वचन सुंदर अक्षरात लिहून, कडेला वेलबुट्टी काढून, पाटी करून स्वयंपाकघरात लावलं होतं. भांडखोर बाईसोबत मोठ्या घरात राहण्यापेक्षा गच्चीच्या कोपऱ्यात राहिलेलं बरं, अशा अर्थाचं. शलमोनाचंच वचन, तिच्या पदरचं काही नाही. वहिनीनं त्यावर दूधवाल्याचं कॅलेंडर टांगलं.

“शास्त्रावर दूधवाला, बाई,” तबिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते धुरानं नव्हे.

चीक घट्ट होऊ लागला होता. दांडा जड चालत होता.

तबितानं आता मुख्य गोष्टीला हात घातला. दर वेळी तिनं वहिनीला क्षमा केली होती. गुडघे टेकून, नाव घेऊन, मनात काही न ठेवता. आणि दर वेळी, दुसऱ्या नाही तर तिसऱ्या दिवशी, बादलीचं झाकण पडलं की पुन्हा तोच राग, तसाच्या तसा. याचा अर्थ काय घ्यायचा? एक तर तिचा विश्वासच खोटा, नाही तर ते घर विश्वास धरायच्या लायकीचं नाही. रात्र रात्र तिनं यावर विचार केला होता.

“कारण क्षमा ही एकदाच होते, बाई,” ती म्हणाली. तिच्या आवाजाला व्यासपीठाची धार चढली. “कालवरीवर, प्रभूच्या क्रुसावर, ती एकदाच झाली. जी रोज रोज करावी लागते ती क्षमा नव्हे, ती नुसती तडजोड...”

बोलता बोलता तिनं दांडा वर उचलला होता. उपदेश करताना बोट उचलतात तसा.

पातेल्यातून बद् असा आवाज आला. मग आणखी एक.

बाईंनी वाकून पाहिलं.

“हं,” त्या म्हणाल्या. “गाठी झाल्या.”

तबितानं घाईघाईनं दांडा आत घातला, जिवाच्या आकांतानं ढवळलं, पण चिकाचं एकदा बिनसलं की बिनसलं. सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या गाठी वर येत होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. परक्या घरी यावं आणि पहिल्याच तासाला तीन दिवसांच्या खटाटोपाचं वाटोळं करावं.

सगुणाबाई आत गेल्या. तबिताला वाटलं, रागावल्या. त्या दोन वाट्या, तूप आणि साखर घेऊन आल्या.

“गाठींचा चीक खायला चांगला लागतो,” त्या म्हणाल्या. “कुरडया झाल्या असत्या तर हा मिळाला नसता. बस.”

दोघींनी चुलीशेजारी बसून गाठींचा चीक खाल्ला. तबिताला तो इतका आवडला, की तिला स्वतःचाच राग आला.

उरलेला निम्मा चीक बाईंनी ओलं फडकं टाकून सावलीत ठेवला. तबितानं विचारलं, आता हा कोण ढवळणार. बाई म्हणाल्या, बघू. तिनं आशीर्वादाचं विचारलं. बाई म्हणाल्या, संध्याकाळी बघू.

दिवस मग असाच गेला. दोनदा पाहुणे आले, एकदा लाइट गेली. दुपारी एक बाई नवऱ्याची तक्रार घेऊन आली, ती ऐकता ऐकता बाईंनी ढीगभर मेथी निवडली. तबिता वाट बघत राहिली, की आता बाई दार लावून घेतील, आता गुडघे टेकतील. बाईंनी दार लावलं नाही. दुपारच्या उन्हात त्या डालग्यापाशी तेवढ्या गेल्या आणि कोंबडीला पाणी ठेवून आल्या.

दिवेलागणीला बाईंनी तोंड धुतलं, केस विंचरले, धुतलेलं पातळ नेसल्या, आणि डालग्याखालची कोंबडी काढून काखेत घेतली.

“चल,” त्या म्हणाल्या. “उद्या प्रभुभोजन आहे.”

वाटेत, म्हणजे दोन अंगणांएवढ्या वाटेत, त्यांनी रीत सांगितली. बेलगावच्या या कंपाउंडात ही रीत त्यांच्या सासूच्याही आधीपासूनची. महिन्यातल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्याच्या आदल्या संध्याकाळी ज्याचं ज्याच्याशी बोलणं नसेल त्यानं त्याच्या दारात जायचं. गेल्याशिवाय उद्या भाकर आणि प्याला घ्यायचा नाही. दारात फार बोलायचं नाही. कोंबडी कुणाची, सांडगे कुणाचे, हे काढायचं नाही.

तबिता मोहरून गेली. अखेर तिला हवं ते सापडत होतं. पहिल्या मंडळीतल्या लोकांसारखं, शुद्ध, साधं. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जाणं. यावर तर तिनं प्रबंध लिहिला होता.

मार्थाबाईंचं दार उघडंच होतं. त्याही केस विंचरून, नीटनेटक्या होऊन आत बसल्या होत्या. त्या उठून दाराशी आल्या.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

सगुणाबाई काही बोलेनात. मार्थाबाईही बोलेनात. कोंबडीनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे...

तबिताला राहवेना. बाईंना शब्द आठवत नसावेत, वय झालंय, असं तिला वाटलं. ती बाईंच्या कानाशी वाकली आणि तिच्या मते अगदी हळू म्हणाली, “म्हणा ना, बाई. ‘मी तुम्हाला क्षमा केली.’”

क्षणभर सगळं थांबलं.

मग मार्थाबाईंच्या गालाची एक रेघ हलली. मग दुसरी. त्या चौकट धरून हसायला लागल्या. सगुणाबाईंनी आधी ओठ आवळून धरले, पण ते काही टिकलं नाही. दोन म्हाताऱ्या दारात उभ्या राहून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या गडबडीत कोंबडी सुटली आणि आपल्या घरी गेली.

तबिताच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. काय चुकलं ते तिला कळेना.

“अग पोरी,” मार्थाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “क्षमा केली, हे सांगायला कुणी कुणाच्या दारात येतं का? तेवढं तर आपापल्या घरी बसून होतं.”

सगुणाबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी मार्थाबाईंचा हात हातात घेतला.

“मार्थे, माझं चुकलं.”

“माझंपण, सगुणे. चहा टाकते. आणि ही तुझी विलायती पाहुणी कोण?”

बस, एवढंच. तबितानं चहा प्यायला. म्हाताऱ्या आता एकमेकींना अग-तुग करत होत्या. भांडण असलं की त्यांचं अहो-जाहो सुरू व्हायचं, हे तिच्या ध्यानात आलं. मार्थाबाईंनी गाठींची हकिगत ऐकली, तबिताचा हात उलटासुलटा करून तळव्यावरचा फोड पाहिला, आणि कोरफडीचा गर लावून दिला. मघाशी एवढ्या हसल्या त्या याच, हे त्यांच्या बोटांवरून पटलं नसतं.

परत येताना अंगणात अंधारायला लागलं होतं. तबिता जरा मागे रेंगाळली.

“बाई, तुम्ही पुन्हा भांडाल?”

“भांडू की.”

“म्हणजे कधी?”

“सोमवारी टाकीचं पाणी येतं,” बाई म्हणाल्या. “त्याच्या आत नाही जमलं तर सोमवारी.”

“मग आजचं काय? ते खोटं?”

बाई भिंतीवर टेकल्या. भिंतीत दिवसभराचं ऊन अजून होतं. त्यांनी उलट विचारलं, “तू वहिनीच्या दारात गेलीस कधी?”

“आम्ही एकाच घरात राहतो. दार कुठलं?”

“स्वयंपाकघराला नाही?”

तबिता भिंतीचा एक पोपडा नखानं काढू लागली.

“पण मी काय मागू तिच्याकडे?” ती अखेर म्हणाली. “मिक्सर ती लावते. झाकण ती पाडते. माझं काय चुकलं?”

“ती पाटी कुठं लावलीस म्हणालीस?”

“स्वयंपाकघरात.”

“स्वयंपाकघरात कुठं?”

“गॅसच्या वर.” तबिताचा आवाज उतरला. “म्हणजे... भाकरी थापताना तिच्या समोर येईल अशी.”

दोघी तशाच उभ्या राहिल्या. पलीकडे मार्थाबाई कोंबड्या कोंडत होत्या, प्रत्येकीला नावानं हाक मारून, प्रत्येकीला वेगळी शिवी देऊन...

जेवणाआधी बाईंनी चटई अंथरली. हीच त्यांची प्रार्थना, हे तबिताला आता कळलं. खोली नव्हती, खिडकीही नव्हती. डाळ गॅसवर होती आणि कुकरची एक शिट्टी व्हायची राहिली होती.

“वहिनीचं नाव काय?” बाईंनी विचारलं.

“हर्षलता.”

दिवसभर ते नाव आपण एकदाही घेतलं नाही, हे तबिताला स्वतःच्याच तोंडून ऐकताना जाणवलं. तिनं डोळे मिटले. मन स्थिर केलं. आता बाई आपल्यासाठी मागतील, बळ मागतील, वाट मागतील. ज्यासाठी एवढ्या लांब आलो तो क्षण हाच.

सगुणाबाईंनी गावासाठी मागितलं, दुपारी आलेल्या बाईसाठी, तिच्या नवऱ्याच्या दारूसाठी. मार्थेच्या गुडघ्यांसाठी मागितलं. मग त्या जरा थांबल्या.

“आणि प्रभू,” त्या म्हणाल्या, “त्या हर्षलतेला ही पोर सोसायचं बळ दे.”

शिट्टी झाली.

तबितानं डोळे उघडले. बाई डाळ बघायला उठल्या होत्या.

त्या संध्याकाळी तिला आधी राग आला. मग लाज वाटली. ताटावर बसल्यावर मात्र तिला सहाच्या ठोक्याला उठलेली, केसांचा कसाबसा अंबाडा घातलेली, मिक्सरचं झाकण एका हातानं दाबून दुसऱ्या हातानं पोराच्या गणवेशाची बटणं लावणारी हर्षलता दिसली, आणि बंद दारामागं शांत बसून तिला क्षमा करणारी आपण दिसलो. तिला एकदम हसू आलं. बाईंनी तिच्या ताटात भाजी वाढली.

सकाळी तिला जाग आली ती दोन आवाजांनी.

मार्थाबाई उजाडतानाच भिंत ओलांडून आल्या होत्या आणि उरलेला चीक शिजत होता. सगुणाबाई म्हणत होत्या, रविवार आहे, लोक काय म्हणतील. मार्थाबाई म्हणत होत्या, शास्त्रातसुद्धा विहिरीत पडलेला बैल शब्बाथाच्या विसाव्यादिवशी काढतात की नाही? मग हा चीक म्हणजे तोच बैल. त्यांचा दांडा एका लयीत फिरत होता. बोलत होत्या, हसत होत्या, तोंडावरची माशी फुंकरीनं उडवत होत्या, पण दांडा थांबत नव्हता. चीक काचेसारखा चकाकत होता.

तबिता न सांगता सोऱ्या भरायला बसली. धुतलेल्या धोतरावर पहिल्या कुरडया पडल्या, पांढऱ्या, जाळीदार. पहिली वाकडी झाली. तिसरी बरी झाली.

पाचव्या-सहाव्या कुरडईला मिठावरून वाद निघाला. सगुणाबाईंनी चिकाचं बोट चाटून पाहिलं आणि कमी आहे म्हणाल्या. मार्थाबाई म्हणाल्या, वाळल्यावर मीठ चढतं. सगुणाबाई म्हणाल्या, गेल्या वर्षी असंच म्हणाली होतीस आणि सगळ्या अळणी निघाल्या.

“मग अहो सगुणाबाई,” मार्थाबाई दांडा न थांबवता म्हणाल्या, “तुम्हीच का नाही ढवळत?”

अहो आलं होतं. चर्चची पहिली घंटा अजून व्हायची होती.

सगुणाबाई उभ्या राहिल्या. अंगणात क्षणभर नुसता चिकाचा आवाज. मग त्या भिंतीला वळसा घालून, फाटकानं बाहेर पडून, मार्थाबाईंच्या अंगणात गेल्या, त्यांच्या रिकाम्या घराच्या दारासमोर उभ्या राहिल्या आणि तिथून ओरडून म्हणाल्या, “मार्थे, माझं चुकलं.”

“बरं,” मार्थाबाई इकडून म्हणाल्या. “या आता लवकर, सोऱ्या गार होतोय. ये, म्हणजे.”

पहिली घंटा झाली.

दोघी हात-पाय धुवायला लागल्या. तबितानं आपली पिशवी भरली. एसटीचा थांबा कंपाउंडच्या बाहेरच होता, आठची गाडी दहाच्या आत श्रीरामपूरला पोचायची. तिथल्या चर्चमध्ये उपासना साडेदहाला. सायमन पोरांना घेऊन पुढं निघून जातो आणि हर्षलता मागचं आवरून धावतपळत येते, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे दहाला ती घरीच असणार. स्वयंपाकघरात.

तिनं वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंना फोन केला आणि सांगितलं, की खोली दुसऱ्या कुणाला द्या. कामासाठी मी येईन, राहायला येणार नाही. त्यांनी कारण विचारलं. तिनं सांगितलं, की घरी पहाटेच्या डब्यांना एक माणूस कमी पडतंय.

सगुणाबाई धुतलेल्या पातळात दारात उभ्या होत्या. प्रभुभोजनाला थांबत नाहीस का, एवढंच त्यांनी विचारलं.

“घरचं घेते, बाई,” तबिता म्हणाली. “तिच्या दारात गेल्याशिवाय माझं इथं होणार नाही.”

बाईंनी मान डोलावली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला हिंगाचा वास होता.

फाटकापर्यंत जाऊन तबिता परत आली. तिचा चेहरा उतरला होता.

“आणि ती काही बोललीच नाही तर? मी दारात उभी राहिले, म्हणाले, माझं चुकलं, आणि ती पाठ फिरवून नुसती भांडी घासत बसली, तर?”

दुसरी घंटा सुरू झाली होती. सगुणाबाई पदर सारखा करून पायरी उतरल्या.

“तर तू विसळायला बस.”